दोरीला बांधलेलं विमान

१९ ऑगस्ट, मंगळवार

वसंतने पुन्हा बोट कापून घेतलं. मार्चमधल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर डाव्या हाताला पकड नाही, पट्टी धरायची डाव्याने आणि ब्लेड चालवायचं उजव्याने, मग काय होणार? जेवणाच्या टेबलावर रक्त. कोशिंबिरीची काकडी आणि त्याचं विमानाचं बाल्सा लाकूड शेजारी शेजारी. मी काकडी फेकून दिली.

"काही नाही, ओरखडा आहे." हे गेली चाळीस वर्षं ऐकतेय. याच्या हातून एकही विमान धड पूर्ण झालेलं नाही. सगळी अर्धवट रंगवलेली, तशीच उडवायला नेलेली आणि आपटून परत आणलेली. माळ्यावर एक अख्खं खोकं पंखांचं आहे.

शेवटी मीच ब्लेड घेतलं. रक्त पुसत बसण्यापेक्षा कापणं सोपं. पंखाच्या फासळ्या कापल्या. सगळ्या एकसारख्या आल्या, त्याच्या कधीच येत नाहीत. तो म्हणाला, "बऱ्या आल्यात." बऱ्या!

२३ ऑगस्ट, शनि.

काय प्रकार आहे हा, ते एकदा लिहून ठेवते. विमान करायचं, त्याला खरं इंजिन लावायचं आणि मग ते दोन बारीक तारांना बांधायचं. तारांचं दुसरं टोक एका मुठीला, म्हणजे हातात धरायच्या दांडीला. आपण मध्ये उभं राहायचं आणि ते आपल्याभोवती गरगर फिरणार, म्हणून आपणही गरगर फिरायचं. मूठ वर कलती केली की विमान वर, खाली केली की खाली. खुंट्याला बांधलेली गाय चरते त्यात आणि यात फरक एवढाच की गायीला दूध असतं.

आणि यासाठी साठी उलटलेले पुरुष पौडहून, पिरंगुटहून रविवारी कासार आंबोलीला जमतात. आता तीनच उरलेत. त्यातला एक अमेरिकेला मुलाकडे गेलाय, म्हणजे दोन.

डॉक्टर म्हणाले होते, मान झटकन वळवू नका, चक्कर येईल. मान. हा अख्खाच वळणार.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी गेल्या. मंजिरी नेऱ्याहून आली होती, जावयाला सुट्टी नाही. तिने टेबलावरचा पंख बघितला. फासळ्या, मधली पट्टी, पंखाच्या पोटातली ती त्रिकोणी तरफ, जिच्यातून तारा बाहेर येतात, सगळं बसवून झालं होतं. "आई, हे तू केलंस?" असं म्हणाली. जणू मी स्वयंपाकघराबाहेर कधी आलेच नव्हते. तीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली, त्यात हिचे मित्रमैत्रिणीसुद्धा होते.

नंतर मला बाजूला घेऊन: "बाबांना करू दे गं. त्यांना एक क्लोजर मिळेल."

क्लोजर म्हणे. हिंजवडीत कंपनीने शिकवलेले शब्द घरी आणून वापरायचे. मी म्हटलं, तुझ्या बाबांना क्लोजर नको, कठडा हवाय. तिला कळलं नाही. मोदक घेऊन गेली.

७ सप्टें., रविवार

आज सकाळी गॅलरीतून बघितलं. खाली पार्किंगमध्ये वसंत एकटाच उभा. उजवा हात पुढे, मुठीत काही नाही. आणि सावकाश डावीकडे फिरतोय. एक फेरा. दुसरा. सोसायटीचा वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघतोय. तिसऱ्या फेऱ्याला वसंतने खांब धरला. धरला, आणि जणू खांबाचा रंग तपासत होता अशा थाटात त्यावरून हात फिरवला.

वर आल्यावर: "खाली वारा छान आहे."

मी चहा केला.

मला भीती वाटते. लिहून टाकलं. विमान पुरं झालं की हा उडवायला जाणार. उडवायला गेला की फिरणार, आणि फिरला की पडणार. आणि पुन्हा झटका आला तर या वेळी निम्माच हात जाईल याची खात्री कोण देणार? आणि मी बसलेय ते विमान पुरं करत.

११ सप्टें., गुरु.

पंखावर कागद चढवला. टिश्यू पेपर, पतंगाच्या कागदापेक्षाही पातळ. कडेने चिकटवायचा, मग पाण्याचा फवारा. वाळताना आपोआप ताणला जातो, ढोलाच्या चामड्यासारखा. पंख मात्र फळीवर टाचण्यांनी दाबून ठेवायचा, नाहीतर एका बाजूने आधी वाळून पिळवटतो. वसंत सोफ्यावरून सूचना देत होता. "मधून बाहेर जा. मधून बाहेर." जणू मी आयुष्यात साडीला स्टार्च केलं नाही.

सुरकुती एकही नाही. त्याने पंख उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. चूक सापडली असती तर बोलला असता.

१६ सप्टें., मंगळ.

वसंत आता रोज विचारतो, "झालं का?" सकाळी चहाला, दुपारी जेवताना. "झालं का?" भाजी आहे का ती?

आज डोपचा पहिला हात. डोप म्हणजे शेवटी नायट्रोसेल्युलोजचं रोगण, थिनरमध्ये घोळलेलं. वास अख्ख्या जिन्यात गेला. समोरच्या फ्लॅटच्या बाई दार उघडून बघून गेल्या, काकू गॅस लीक आहे का म्हणून.

मी म्हटलं होतं, ही हवा दमट आहे, आज लावू नका. म्हणे, काही होत नाही. संध्याकाळपर्यंत पंखावर पांढरा धुरकटपणा. अर्थातच. थिनर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं, सेल्युलोज बाहेर पडतं. नववीतल्या पोराला कळावं. मुळशीत सप्टेंबरात पातळ रोगण लावायचं म्हणजे उघड्या छपराखाली पापड वाळत घालण्यासारखं.

वसंत म्हणाला, "आता काय?" चेहरा अगदी उतरला होता. मला बरं वाटलं. म्हटलं, आता हवा कोरडी होईपर्यंत थांबायचं. किमान दसऱ्यापर्यंत.

तसं लगेच दुरुस्त करता येतं. वरून थोडं सावकाश उडणारं थिनर फिरवलं की पांढरेपणा जातो. हे मी त्याला सांगितलं नाही.

४ ऑक्टोबर, शनि.

दसरा झाला. ऊन पडलंय. पांढरेपणा काढला. आता कारण उरलं नाही.

म्हणून नवीन काढलं. फिनिश. म्हटलं, या वेळी अर्धवट रंगवून न्यायचं नाही, नीट करायचं. डोपमध्ये अंगाला लावायची पावडर मिसळून लाकडाची छिद्रं बुजवायची, वाळलं की पॉलिश पेपरने घासायचं, पुन्हा हात द्यायचा, पुन्हा घासायचं. हे त्याच्याच जुन्या मासिकात लिहिलंय. त्याने कधी केलं नाही, धीर कुठाय.

वाटलं होतं, वैतागेल. नाही वैतागला. "कर सावकाश," म्हणाला.

१२ ऑक्टो., रवि.

घासणं हे काम मला आवडतं, हे कबूल करायला हरकत नाही. ओला बारीक पेपर, हलका हात, कान उघडे. खरखर थांबली की समजावं तळ लागला. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या वाकवताना असंच व्हायचं, डोकं रिकामं व्हायचं.

वसंत खाली पार्किंगमध्ये. चौथ्या फेऱ्यापर्यंत जातो आता. मग खांब. मी गॅलरीत कपडे वाळत घालते. रोज त्याच वेळेला किती कपडे असणार दोन माणसांचे. वाळलेलेच परत घातले आज.

१६ ऑक्टो., गुरु.

आकाशकंदील लावला. विमानाला पांढरा हात झाला, त्यावर पंखांना तांबडा. बोट फिरवलं तर काचेसारखं लागतं. सुंदर झालंय, कुणी काही म्हणो.

म्हटलं, झालं बहुतेक.

वसंतने हातात घेतलं, नाकाजवळ नेऊन पाहिलं. "शेपटीकडे थोडं मंद वाटतंय. अजून एक हात दे."

मंद? कुठे मंद? मला दिसलं नाही. पण दिला.

२६ ऑक्टो., रवि.

पुन्हा तेच. "अजून एक हात." आज म्हणे पंखाच्या कडेला. भाऊबीजेला मंजिरी आली तेव्हा तिलाही दाखवलं, "अजून फिनिशिंग बाकी आहे." हाच माणूस सप्टेंबरमध्ये दिवसातून दोनदा "झालं का" विचारायचा.

आणि पार्किंगमध्ये चार दिवस झाले गेला नाही. विचारलं, तर म्हणे दिवाळीत गाड्या फार लागल्यात. गाड्या! अर्धी सोसायटी गावाला गेली, खाली क्रिकेट खेळता येईल.

आता कळलं. हाही घाबरलाय. मी थर देतेय हा जाऊ नये म्हणून, आणि हा थर मागतोय जायला लागू नये म्हणून. दोघं मिळून एका काडीच्या विमानाला रंग फासतोय. एकमेकांना सांगायची हिंमत नाही. चाळीस वर्षांच्या संसाराचं फलित!

याची कीव यायला हवी. राग येतो. मी घाबरले तर चालतं. त्याने घाबरू नये. एवढी वर्षं "काही होत नाही" म्हणत सुटायचा, ते मूर्खपणाचं होतं, पण निदान ते त्याचं होतं.

९ नोव्हेंबर, रवि.

शब्बीरभाई आले होते. पौडला त्यांचं हार्डवेअरचं दुकान, रविवारी अर्धा दिवस मुलाकडे सोपवून येतात. वसंतचे उडवण्यातले जोडीदार, तीनातले उरलेले दुसरे. विमान उडवायला दोन माणसं लागतातच. एक मध्ये मूठ धरून, दुसरा बाहेर विमान धरून. मधला हात वर करतो, तेव्हा बाहेरचा सोडतो.

चिवडा पुढे ठेवला. त्यांनी विमान उचललं आणि तोंड बघण्यासारखं झालं.

"वहिनी, ह्ये इमान हाय का पाटा?"

"म्हणजे?"

"लई जड झालंया. उडंल, न्हाई असं न्हाई. पर दगडावानी. वळायचंच न्हाई नीट. कुणी दिलं येवढं रंगाचं हात?"

वसंत टीव्हीकडे बघत बसला. टीव्ही बंद होता.

मी म्हटलं, "मी दिले."

"मागितले मी," वसंत म्हणाला.

शब्बीरभाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि चिवडा खाल्ला. शहाणा माणूस. चिवडा तरी संपवला.

१० नोव्हें., सोम.

रात्रभर विचार करून सकाळी ठरलं. एवढं सुंदर केलं, आणि शेवटी लोक म्हणणार, दिसायला छान होतं पण जड होतं, उडलं नाही. दिसायला छान. हे मला चालणार नाही. वसंतची आपटलेली विमानं वेगळी. हे मी केलंय.

वर्तमानपत्र पसरलं, बादली घेतली, पॉलिश पेपर भिजवला. वसंत दारात उभा.

"काय करतेस?"

"घासतेय."

"किती?"

"तळ लागेपर्यंत."

मग खुर्ची ओढून समोर बसला, उजव्या हाताने शेपटी धरली. मी घासलं, त्याने धरलं. बादलीतलं पाणी तांबडं झालं. बोललो असतो तर भांडलो असतो.

१८ नोव्हें., मंगळ.

एक पातळ हात तांबड्याचा, एक वरून रोगणाचा. बस्स. लाकडाच्या रेषा दिसतात थोड्या. शब्बीरभाईंकडे पौडला नेलं. दुकानात खिळ्यांच्या खोक्यांमध्ये उभं राहून त्यांनी दोन बोटांवर तोललं. "आता हाय इमान."

परत येताना वसंत म्हणाला, रविवारी जाऊ.

मी म्हटलं, एका अटीवर. मध्ये तुमच्या मागे शब्बीरभाई उभे राहतील, तोल गेला तर धरायला. नाहीतर मी इंजिनच फेकून देईन पौड रोडवर.

"मग विमान कोण धरणार?"

तोंडावर मी त्याला अहो म्हणते, वहीत तो. म्हटलं, "मी धरीन. आणि कोण आहे तुमच्याकडे?"

२३ नोव्हें., रवि.

गेलो नाही. शब्बीरभाईंच्या घरी पाहुणे. वसंतला आनंद लपवता येत नव्हता, आणि मला दिसत होता म्हणून त्याला राग येत होता. दुपारी दोघंही झोपलो. लाज आहे.

संध्याकाळी तो पुन्हा पार्किंगमध्ये गेला. मी गॅलरीत गेले नाही.

३० नोव्हें., रवि. कासार आंबोली

हे इथेच लिहितेय, मैदानात. मैदान कसलं, भात काढलेलं रान, एका बाजूला कुणाच्या तरी विकेंड बंगल्याचं कुंपण. वही पिशवीत होती. इंजिन तापलंय, गार होईपर्यंत थांबायचंय.

सकाळी आलो तर रानाच्या मालकीणबाई बांधावर बसलेल्या. हिराबाई. वसंतच्या दरवर्षीच्या ओळखीच्या.

"आलं का इमानवालं? औंदा बायकोला बी आनलंया."

मी म्हटलं, मीच केलंय ते.

"तुमी केलंया? मंग ह्ये काय करत्यात?"

"फिरतात."

"दोरीला बांधून उडवायचं तर पतंग काय वाईट हाय?" म्हणाल्या. पहिल्यांदा कुणीतरी बरोबर बोललं.

शब्बीरभाईंनी तारा अंथरल्या, टाकीत इंधन घातलं. इथर, रॉकेल, एरंडेल. मुलांना प्रयोगशाळेत जे हुंगू नका सांगायचे, ते सगळं एका बाटलीत. पंखा बोटाने फिरवला, पाचसहा वेळा फिसकलं, मग धरलं. आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा. विमान माझ्या हातात थरथरायला लागलं. मी गुडघ्यावर बसले होते, दोन्ही हातांनी विमानाच्या पोटाला धरून, शब्बीरभाईंनी दाखवलं तसं. ते पळत वसंतच्या मागे जाऊन उभे राहिले.

वसंतने मूठ वर केली, शेपटीची पट्टी वर झाली. खाली केली, खाली. बरोबर. मग त्याने हात वर केला. सोड म्हणून.

डावा हात केला त्याने. उजव्यात मूठ होती ना. तो हात खांद्याच्या वर जात नाही, फिजिओवालीने सहा महिने रडून पाहिलं. आज गेला. सरळ नव्हे, कोपरात वाकलेला, हलत होता, पण वर.

मी सोडलं नाही.

मुद्दाम नव्हे. बोटं उघडलीच नाहीत. मनात म्हणतेय सोड, आणि बोटं विमान धरून बसलेली. एरंडेल तोंडावर उडत होतं. शब्बीरभाई काहीतरी ओरडले, ऐकू येणं शक्यच नव्हतं. वसंत ओरडला नाही. हात खाली घेतला नाही. तसाच उभा, थरथरणारा हात वर धरून, माझ्याकडे बघत. आणि मी त्याच्याकडे. माणसाने हात खाली घ्यावा की नाही! दुखत असणार. मूर्ख माणूस. शेवटी टाकीतलं संपलं, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

एकदम शांत. हिराबाई बांधावरून म्हणाल्या, "मोडलं व्हय?"

वसंतने मूठ जमिनीवर ठेवली. तारांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत आला. हळू, पाय बघून टाकत. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडायला हवं होतं. मी अजून विमान धरूनच बसले होते.

"पडाल," मी म्हटलं.

"पडेन," तो म्हणाला. "टाकी भर."

एवढंच. वळला आणि तसाच कडेकडेने परत गेला.

भरली आहे. माझ्याच हाताने, एक थेंब न सांडता. शब्बीरभाई म्हणाले, वहिनी, मी धरू का इमान, भाऊंच्या मागं हिराबाईंना हुबं करू. मी नको म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. वसंत सावलीला यायला तयार नाही, तिथेच मध्ये उभा आहे, उन्हात, डावा हात उजव्याने चोळत.

इंजिनाला बोट लावून पाहिलं. गार झालंय. शब्बीरभाई बोलावताहेत. उठते.